वाळवंटातले निवृत्तांचे नगर

आपल्या आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला आहे. केस पिकले, नातवंडाचे मुख पाहिले, की संसाराच्या किल्ल्या पुढच्या पिढीच्या हाती द्याव्यात आणि वनाकडे वळावे, अशी ती कल्पना. वनात गेलेल्या त्या माणसाचा दिवस कसा जात असेल, त्याचे गुडघे दुखले तर तो काय करीत असेल, पती-पत्नींपैकी एक आधी गेल्यावर दुसऱ्याशी कोण बोलत असेल, याविषयी मात्र आपल्याला फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात असे एक गाव आहे, जेथे घरातील किमान एक जण ५५ वर्षांचा झाल्यावरच राहायला जाता येते आणि जेथे हे सारे प्रश्न गेली सहा दशके रोज सोडवावे लागत आहेत. त्याचे नाव सन सिटी. आजच्या लेखात तुम्हाला त्या गावातून हिंडवून आणावे, असा विचार आहे.

मी एका मध्यम आकाराच्या शहरात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करते. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत साठीपुढच्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण मोठे आहे, आणि अलीकडे रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, की खुर्चीवरून उठता उठता एक प्रश्न विचारला जातो : ‘डॉक्टर, आम्ही आता कोठे राहावे?’ मुलगा बंगळुरूला किंवा परदेशी, मुलगी तिच्या संसारात, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. या प्रश्नावर औषध लिहून देता येत नाही. म्हणून फिनिक्स शहरातील नातेवाइकांकडे फेब्रुवारीत मुक्काम असताना, तेथून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या या गावात मी काही दिवस मुद्दाम जाऊन राहिले, पायी हिंडले आणि जे बोलायला तयार होते त्यांच्याशी बोलले.

गावाचे रूप

सन सिटीत शिरताच पहिली गोष्ट जाणवते ती रस्त्यांची. नकाशावर पाहिले तर रस्ते एकात एक बसवलेल्या कड्यांसारखे वर्तुळाकार दिसतात. घरे बहुतेक एकमजली, ठेंगणी, फिक्या रंगाची. दारापुढे हिरवळीऐवजी बारीक खडी पसरलेली, तीत निवडुंग आणि एखादे संत्र्याचे झाड. वैद्याच्या नजरेने पाहिले तर येथे जिने जवळजवळ नाहीत, हेच मोठे सुख. रस्ते रुंद, आणि त्यांवरून मोटारींच्या बरोबरीने गोल्फच्या छोट्या गाड्या संथपणे जात असतात. कोणी तीतून वाण्याकडे निघालेले असते, कोणी दवाखान्याकडे.

दुसरी गोष्ट जाणवायला थोडा वेळ लागतो. येथे शाळेची घंटा नाही. दुपारी दप्तरे घेऊन घरी परतणारी मुले नाहीत, अंगणात चेंडूचा आवाज नाही. सुमारे ४० हजार वस्तीच्या आणि जवळजवळ २७ हजार घरांच्या गावात लहान मूल दिसलेच, तर ते पाहुणे असते. ही शांतता काहींना अमृतासारखी वाटते. मला पहिल्या संध्याकाळी ती अंगावर आली, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

१९६० सालचा प्रयोग

पूर्वी येथे कापसाची शेते होती. १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीने येथे नमुन्यादाखल पाच घरे, एक दुकानसंकुल, एक मनोरंजन केंद्र आणि गोल्फचे मैदान एवढ्या भांडवलावर लोकांना पाहायला बोलावले. वेब स्वतः सुतारकामापासून सुरुवात करून मोठा कंत्राटदार झालेला गृहस्थ. वृद्ध माणसे आपले गाव, आपली मुले सोडून वाळवंटात येणार नाहीत, असे अनेक जाणकारांचे मत होते. प्रत्यक्षात पहिल्या काही दिवसांतच सुमारे लाखभर माणसे ते पाहण्यास लोटली. १९६२ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने वेबचे चित्र मुखपृष्ठावर छापले.

एवढी गर्दी का लोटली असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यामुळे आणि कारखान्यांच्या निवृत्तिवेतनामुळे साठी ओलांडलेल्या सर्वसाधारण अमेरिकन माणसाच्या हाती दरमहा निश्चित रक्कम पडू लागली होती. आयुष्यमान वाढले होते. नोकरी संपली, शरीर धडधाकट आहे आणि पुढची पंधरा-वीस वर्षे रिकामी आहेत, अशी अवस्था इतक्या मोठ्या संख्येने माणसांच्या वाट्याला यापूर्वी आली नव्हती. त्या रिकाम्या वर्षांना वेबने एक नाव दिले, एक पत्ता दिला. ‘सक्रिय निवृत्ती’ ही कल्पना अमेरिकेत घरोघरी पोहोचली ती येथून.

गावाचे नियमही तुम्हाला सांगितले पाहिजेत. घरातील किमान एक व्यक्ती ५५ वर्षांची वा त्याहून मोठी असली पाहिजे. १९ वर्षांखालील कोणालाही येथे कायमचे राहता येत नाही. नातवंडे येऊ शकतात, पण वर्षाकाठी ९० दिवसांपर्यंतच. मुलाबाळांच्या कुटुंबांना असे दूर ठेवण्यास अमेरिकन कायदा एरवी मनाई करतो. मात्र १९९५ च्या एका कायद्यानुसार, ज्या वसाहतीत वस्तीच्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ वर्षांवरील एक तरी माणूस राहतो, तिला ही सवलत मिळते. आणखी एक विशेष म्हणजे सन सिटीला नगरपालिका नाही, महापौर नाही. मोठी कामे परगण्याचे प्रशासन पाहते, आणि बाकीचे गाव रहिवासीच चालवतात.

सकाळी सातची वर्दळ

गावात सात मनोरंजन केंद्रे आहेत. ती रहिवाशांच्या ना-नफा संस्थेच्या मालकीची असून प्रत्येक घरामागे वार्षिक वर्गणी ठरलेली आहे. सकाळी सात वाजता एका केंद्राच्या जलतरण तलावाशी जाऊन उभे राहा. पाण्यात पोहणारे थोडे दिसतील, चालणारे पुष्कळ. छातीएवढ्या पाण्यात स्त्री-पुरुष रांगेने चालत असतात, वळतात, पुन्हा चालतात, आणि गप्पा अखंड चालू असतात. पाणी शरीराचा भार उचलून धरते, त्यामुळे झिजलेल्या गुडघ्यांनाही व्यायाम सोसतो. तोल गेला तर पाणी सावरते. जमिनीवर दहा मिनिटे न चालू शकणारी व्यक्ती येथे अर्धा तास चालते.

तलावाच्या पलीकडे सुतारकामाचा कारखाना, शिवणाचे दालन, मातीकाम, रंगीत काचकाम, रत्नांना पैलू पाडण्याची यंत्रे, पत्त्यांची टेबले. गावात अशी शंभरहून अधिक मंडळे आहेत. सुतारशाळेत ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ लाकडी खेळणी बनवीत होते. ‘नातवासाठी का?’ असे मी विचारले. ते म्हणाले, नातू तिशीचा झाला. ही खेळणी दुसऱ्या कोणाच्या तरी नातवासाठी. आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीत कागद हाताळले होते आणि रंधा पहिल्यांदा हातात धरला तो सत्तराव्या वर्षी. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले होते, पण पकड उत्तम होती.

जागतिक आरोग्य संघटनेची ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठीची शिफारस अशी आहे : आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. आपल्याकडे पहिला भाग ‘फिरायला जातो’ एवढ्यावर कसाबसा पूर्ण होतो. उरलेले दोन भाग जवळजवळ कोणीच करीत नाही, आणि खुब्याचे हाड मोडून माणूस अंथरुणाला खिळतो तो नेमका या दोन भागांच्या अभावी. सन सिटीत हे तिन्ही भाग कोणी ‘व्यायाम’ म्हणून करीत नाही. पाण्यातले चालणे, लॉन बोलिंगमध्ये वाकून चेंडू सोडणे, नृत्याच्या वर्गात एका पायावर गिरकी घेणे, यांत तो होऊन जातो. सोबत होते, वेळ ठरलेली असते, आणि आपण गेलो नाही तर ‘आज का नाही आलात?’ असे विचारणारे कोणीतरी असते. डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा या एका प्रश्नात अधिक बळ आहे.

गावाला ज्यांची गरज आहे ती माणसे

तथापि, या गावात मला सर्वांत मोलाचे वाटले ते तलाव आणि मैदाने सोडून दुसरेच काही. एका पहाटे रस्त्याच्या दुभाजकावर काही वयस्कर माणसे हातात दंताळी घेऊन पालापाचोळा गोळा करताना दिसली. हे पगारी कामगार असतील असे मला वाटले. ते होते ‘प्राइड्स’ या मंडळाचे सदस्य, म्हणजे गावचेच रहिवासी. रस्त्यांकडेची झाडे, दुभाजक आणि स्वच्छता यांची मोठी जबाबदारी हे लोक विनावेतन सांभाळतात. ‘पॉसी’ नावाचे दुसरे स्वयंसेवक पथक गावात गस्त घालते, बाहेरगावी गेलेल्यांच्या घरांवर लक्ष ठेवते, आणि एकट्या राहणाऱ्यांची खबरबात घेते.

निवृत्तीनंतर माणसाला विश्रांती हवी असते हे खरे. पण ती काही महिने पुरते. त्यानंतर त्याला हवे असते ते काम, ज्याची कोणाला तरी गरज आहे. माझ्या दवाखान्यात ‘झोप येत नाही’, ‘भूक लागत नाही’, ‘छातीत धडधडते’ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कित्येक निवृत्तांच्या साऱ्या तपासण्या निर्दोष निघतात. दिवसभरात त्यांना कोणी काही विचारीत नाही, कोणी काही सांगत नाही. सन सिटीतल्या दंताळेवाल्या आजोबांना सहा वाजता उठावेच लागते, कारण अमुक चौकाचा तुकडा त्यांचा आहे.

या देण्याचे आणखी एक रूप पाहून मी वैद्य म्हणून नतमस्तक झाले. गाव वसल्यानंतर दहा वर्षांनी, १९७० साली, येथे बॉसवेल रुग्णालय सुरू झाले. पुढे येथेच वार्धक्याच्या आजारांवर संशोधन करणारी संस्था उभी राहिली आणि १९८७ पासून तिचा मेंदूदानाचा उपक्रम चालू आहे. स्मृतिभ्रंश वा कंपवात झालेले तर यात नाव नोंदवतातच. पण ज्यांची स्मृती शाबूत आहे असे रहिवासीही नोंदवतात, कारण रोगी मेंदू समजण्यासाठी निरोगी मेंदूशी त्याची तुलना करावी लागते. हयात असताना ठरावीक काळाने त्यांची तपासणी होते; मृत्यूनंतर साधारण तीन तासांच्या आत मेंदू जतन केला जातो. दाते, रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच परिसरात असल्यामुळेच हा वेग साधतो. आपल्याकडे नेत्रदान व देहदान करणाऱ्या कुटुंबांना या तत्परतेचे मोल सांगायला नको.

या सुखाची किंमत

आता नाण्याची दुसरी बाजू. ती न सांगता तुम्हाला परत आणले, तर हा फेरफटका म्हणजे जाहिरातच ठरेल.

प्रारंभीच्या वर्षांत सन सिटी शेजारच्या पिओरिया गावाच्या शाळा-क्षेत्रात येत होती. शाळांच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे तर मतदारांची संमती लागते. ज्यांची मुले केव्हाच शिकून मोठी झाली होती, अशा निवृत्त मतदारांनी ते प्रस्ताव वारंवार नाकारले. शेजारच्या गावातली मुले दाटीवाटीच्या वर्गांत बसत होती. अखेर १९७४ मध्ये सन सिटीला त्या शाळा-क्षेत्रातून वेगळे काढावे लागले. ही माणसे दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. त्यांचे उत्पन्न ठरावीक होते आणि करवाढीचे भय खरे होते. पण ज्यांच्या दारावरून रोज एकही मूल शाळेत जात नाही, त्यांना शाळा आठवणार कशी? वयाची भिंत घातली की भिंतीपलीकडचे हळूहळू दिसेनासे होते, याचा हा धडा आहे.

दुसरी हकीकत लगतच्या यंगटाऊनची. १९५४ साली वसलेले हे गाव सन सिटीहूनही जुने, आणि तेही केवळ ज्येष्ठांसाठी होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील एका आजी-आजोबांनी घरच्या छळाला कंटाळलेल्या आपल्या किशोरवयीन नातवाला आसरा दिला. नियमाप्रमाणे त्याला तेथे राहता येत नव्हते. गावाने आक्षेप घेतला, दंडाची भाषा झाली. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेले आणि १९९८ मध्ये यंगटाऊनची वयाची अटच संपुष्टात आली. आज तेथे मुले खेळतात. संकटातल्या नातवाला दार उघडावे की नियम पाळावा, हा प्रश्न आपल्या घरात कोणाला पडणारही नाही. परंतु वयाची अट असलेल्या वसाहतीत घर घेताना आपण त्या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून देत असतो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. फेब्रुवारीतले येथले हवामान आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखे सुखद. थंड प्रदेशातून केवळ हिवाळ्यापुरते येणारे हजारो लोक याच काळात येथे असतात. त्यांना येथे ‘हिमपक्षी’ म्हणतात. पण २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस फिनिक्सचा पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला. त्या वर्षी या परगण्यात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. घरात दगावलेल्यांत वयस्कर माणसे बरीच होती, आणि अनेकांच्या घरातले वातानुकूलन यंत्र बंद पडलेले होते. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना हे परके वाटणार नाही. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या शरीरातले पाणी आणखी कमी करतात. म्हणून तहान लागो न लागो, उन्हाळ्यात पाणी घड्याळाप्रमाणे प्यावे. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी उन्हाळा लागताच पाण्याचे प्रमाण व गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी.

आणि चौथी, सर्वांत कठीण गोष्ट. १९६० साली येथे आलेली माणसे साठीची होती. गाव त्यांच्यासाठी बांधले होते : गोल्फ खेळणाऱ्यांसाठी, गाडी चालवणाऱ्यांसाठी. ती माणसे पंचाऐंशीची झाली, तेव्हा प्रश्न बदलले. या गावात गाडी हेच पाय आहेत. दृष्टी अधू झाली, वाहन चालवण्याचा परवाना गेला, की तलाव दोन किलोमीटरवर असूनही दुसऱ्या खंडात असल्यासारखा दूर होतो. एका बाईंनी मला सांगितले, ‘माझे यजमान गेले तेव्हा मी रडले, गाडीची किल्ली मुलाच्या हाती दिली त्या दिवशी पुन्हा तितकीच रडले.’ पाण्यात चालणाऱ्यांच्या रांगेतून कोणीतरी गळते. काही दिवस त्याची विचारपूस होते, कोणी डबा नेऊन देते. मग ज्याला सतत आधाराची गरज आहे त्याला शुश्रूषागृहात हलवावे लागते आणि ओळखीचा गोतावळा सुटतो. सक्रिय वार्धक्य हा वार्धक्याचा पूर्वार्ध आहे. उत्तरार्धाची सोय ज्या गावात नाही, ते गाव कितीही सुंदर असले तरी अर्धेच.

आपल्या दारी

आपल्याकडे या विषयावर बोलू लागले की ‘वृद्धाश्रम’ हा शब्द मध्ये येऊन उभा राहतो, आणि त्याच्यामागून ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न. माझ्या रुग्णांपैकी एक निवृत्त शिक्षिका मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, मी तिथे राहायला गेले तर माझ्या मुलाची बदनामी होईल हो.’ त्यांचा मुलगा अत्यंत प्रेमळ. आईला रोज दोनदा फोन करणारा. पण फोन आईला न्हाणीघरात घसरण्यापासून वाचवू शकत नाही. निराधारांसाठीचा वृद्धाश्रम आणि स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या निवडीने घेतलेले ज्येष्ठांच्या वसाहतीतील घर, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याच्या परिसरात ‘अथश्री’सारखे ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प उभे राहिले आहेत आणि मराठी मध्यमवर्गाला ही कल्पना आता नवखी उरलेली नाही. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये अशा निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत.

तुम्ही अशी जागा पाहायला जाल, तेव्हा बाग आणि सभागृह पाहून घ्या, पण तेवढ्यावर परतू नका. रात्री दोन वाजता छातीत दुखले तर काय होते, ते विचारा. हाकेची घंटा कोठे आहे, ती वाजवल्यावर कोण येते, रुग्णवाहिकेला सुसज्ज रुग्णालयात पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे प्रत्यक्ष पाहा. न्हाणीघरात जा, तेथे भिंतीला धरायला दांडे आहेत का, फरशी ओली असताना निसरडी होते का, दारातून चाकांची खुर्ची आत जाते का आणि दार बाहेरून उघडता येते का, हे तपासा. त्यानंतर तो अवघड प्रश्न विचारा : आम्हा दोघांपैकी एकाला उद्या स्मृतिभ्रंश झाला, तर त्याला येथेच ठेवता येईल का? उत्तर तोंडी घेऊ नका, करारात कोठे लिहिले आहे ते दाखवायला सांगा. अनामत रक्कम परत केव्हा व किती मिळते, मासिक शुल्क दरवर्षी किती वाढू शकते, आपल्या पश्चात घर कोणाकडे जाते, नातवंडे किती दिवस राहू शकतात, हेही त्याच बैठकीत समजून घ्या. शक्य असल्यास महिनाभर राहून पाहा. एका शनिवारी दुपारी पाहिलेली जागा आणि एका पावसाळी मंगळवारी रात्री अनुभवलेली जागा, यांत फार अंतर असते.

एक गोष्ट मात्र घाईने करू नका. नव्या जागी मन रमले याची खात्री होईपर्यंत राहते घर विकू नका वा मुलांच्या नावावर करू नका. घर देताना ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट दस्तात लिहिलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याच्या कलम २३ अन्वये तो व्यवहार रद्द करून मागता येतो. पण म्हातारपणी न्यायाधिकरणाची पायरी चढण्यापेक्षा आधी वकिलाकडे अर्धा तास बसणे केव्हाही बरे.

ज्यांना घर सोडायचे नाही, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना ते सोडायचे नसेल, त्यांनीही सन सिटीकडून काही घ्यावे. गोल्फचे मैदान आपल्याला नको. आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, पालिकेची विरंगुळा केंद्रे आहेत, भजनी मंडळे आहेत. १९९५ साली मुंबईच्या एका उद्यानात डॉ. मदन कटारिया यांनी मूठभर माणसांना घेऊन सुरू केलेला हास्यक्लब आता जगभर पोहोचला आहे. फिरून आल्यावर खुर्चीची पाठ धरून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहणे, मग दुसऱ्या पायावर. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे. एवढे सोबत कोणी असताना, आपल्या डॉक्टरांना विचारून सुरू करावे. त्याला खर्च शून्य आहे.

घरातील सून, मुलगा, मुलगी किंवा मदतनीस हा लेख वाचत असतील, तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. आई-बाबांना ऐकू कमी येत असेल तर ‘वयच झाले’ म्हणून ते सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये दिली; त्यांत बहिरेपणा आहे आणि एकाकीपणाही आहे. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू गप्पांतून उठून जातो, म्हणजे ही दोन कारणे हातात हात घालून येतात. कानाची तपासणी करून घ्या. आणि दुसरे, त्यांच्या हातून सगळी कामे काढून घेऊ नका. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण त्याने माणूस खरोखरच बसतो. भाजी निवडणे, दुधाचा हिशेब, नातवाला बसपर्यंत पोहोचवणे, कुंड्यांना पाणी घालणे, यांतले एक तरी काम पूर्णपणे त्यांचे असू द्या. ते चुकले तर चुकू द्या, उशीर झाला तर होऊ द्या.

‘आम्ही आता कोठे राहावे?’ या प्रश्नाला प्रत्येक घराचे उत्तर निराळे असेल. पण उत्तर कोणतेही असो, त्या जागेला दोन कसोट्या लावून पाहाव्यात. सकाळी उठल्यावर तेथे आपली कोणी वाट पाहत आहे का? आणि ज्या सकाळी आपल्याला उठवणार नाही, त्या सकाळी कोणी आपल्या दाराशी येईल का? सन सिटीने पहिल्या कसोटीचे उत्तर उत्तम दिले आहे, दुसरीचे ती अजून शोधते आहे. तुमच्या घरातल्या सर्वांनी एखाद्या निवांत संध्याकाळी एकत्र बसून या दोन प्रश्नांवर बोलावे. तब्येत ठणठणीत आहे तोवरच बोलावे. रुग्णालयाच्या व्हरांड्यात अशी बोलणी नीट होत नाहीत.